आधी कॅसेट बदला, मग सिंहगड

चार-पाच वर्षं बाल्कनीत उभी असलेली रोड बाईक पुन्हा बाहेर काढायची ठरली की पहिल्या रविवारी हवा भरली जाते, चेनवर तेल पडतं आणि तिसऱ्या रविवारी मंडळी थेट सिंहगडाच्या पायथ्याशी. पुण्यात सायकलवाल्याला विचारला जाणारा पहिला प्रश्नच तो आहे, "सिंहगड केला का?" गोळेवाडीचा नाका ओलांडून काही वळणं होतात न होतात तोच गिअर संपतात. लिव्हर दाबून बघावं तर मागे आणखी मोठी चकती उरलेलीच नसते. मग उभं राहून चार फेरे, मग धाप, मग कठड्याला टेकवलेली सायकल. निदान ठरलेलं: स्टॅमिना गेला.

स्टॅमिना गेलेला असतोच. पण त्या दिवशी पाय जमिनीला लागले त्यात निम्मा वाटा मागच्या चाकावरच्या कॅसेटचा, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचाचा असतो, आणि तो दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो.

आपल्याकडच्या बहुतेक सुरुवातीच्या किमतीच्या रोड बाईकना पुढे 50/34 ची क्रँक असते, म्हणजे पेडलपाशी 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या. मागे 11-28 (सगळ्यात लहान चकतीला 11 दात, मोठीला 28) किंवा, नशीब असेल तर, 11-32. कुठली ते ओळखायला सगळ्यात मोठ्या चकतीवर कोरलेला आकडा बघा, नसेल दिसत तर खडूची खूण करून दात मोजा. 34 ला 28 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक 1.21 वेळा फिरणार. 700×25 (25 मिलिमीटर रुंदीच्या) टायरचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे 2.55 मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी 9.2 किलोमीटर. साठाच्या खाली गेलात की ते पेडलिंग राहत नाही, गोणी पाठीवर घेऊन जिना चढणं होतं. थोडक्यात, या गिअरवर नीट पेडल मारायचं तर 9.2 च्या खाली जाताच येत नाही, कितीही दमलात तरी.

आता त्या वेगाला ताकद किती लागते ते बघू. माणूस 78 किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 12, एकूण 90. चढ 7 टक्के. 34/28 वर 60 फेऱ्यांनी चढायला सुमारे 180 वॅट लागतात. तोच माणूस 34/32 वर त्याच फेऱ्यांनी ताशी 8 किलोमीटरने चढेल आणि त्याला 157 च्या आसपास वॅट पुरतील. 34/34 वर 150 च्या आत. बरीच वर्षं खुर्चीत बसून काढलेल्या माणसाला तासभर सलग टिकवता येणारी ताकद किलोमागे 2 वॅट धरली तर 78 किलोला 156 वॅट. म्हणजे 28 च्या चकतीवर तो पहिल्या मिनिटापासून कुवतीबाहेर आहे. 32 वर काठावर, 34 वर आत. माणूस तोच, सायकल तीच.

कॅसेटने चढ कमी होत नाही, हे उघड आहे. वर जायला लागणारं एकूण काम जवळपास तेवढंच, ते फक्त जास्त वेळात वाटलं जातं. नऊ किलोमीटरचा घाट धरला तर 28 वर 59 मिनिटं आणि 32 वर 67. आठ मिनिटं उशीर. पण पहिल्या हिशेबातली 59 मिनिटं कागदावरचीच आहेत, कारण त्यात कठड्यावर बसलेला वेळ धरलेला नाही.

"हळूहळू पाय फिरवेन की, 28 वरच," असं म्हणणारे भेटतात. फिरवता येतात. मिनिटाला 50 फेरे मारले तर वेग 7.7 वर येतो आणि वॅट 34/34 इतकेच लागतात. फरक पडतो तो प्रत्येक फेऱ्यातल्या जोरात. तीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची तर पेडलवर सुमारे 20 टक्के जास्त दाब द्यावा लागतो, तासात तीन हजार वेळा. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत सुधारतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि परतलेल्या सायकलवाल्यांचा दुसऱ्या महिन्यातला विराम बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आणखी एक तुलना, कारण दुकानात याच जागी खिसा कापला जातो. सायकल एक किलोने हलकी केली तर या चढावर वाचतात जेमतेम 2 वॅट. पोटावरचे 6 किलो उतरवले तर 12 च्या आसपास. 28 ची कॅसेट काढून 32 ची लावली की गरज 23 वॅटनी खाली येते, तीही एका बऱ्या जर्सीच्या आसपासच्या किमतीत. कार्बनचा फोर्क, हलकी चाकं, एअरो हेल्मेट, सगळं नंतर. हौस म्हणून घ्या, औषध म्हणून नको.

वरच्या टोकाची काळजी करू नका. 50/11 वर 90 फेरे म्हणजे ताशी 51 च्या पुढे, आणि तो वेग आपल्याला फक्त उतारावर मिळणार, जिथे पेडल मारायचं कारणच नसतं. म्हणून 46/30 ची क्रँक परतणाऱ्यांसाठी खरं तर जास्त शहाणपणाची, पण ती बसवताना पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि चेनची रेषा जुळेल याची खात्री लागते, खर्चही वाढतो. कॅसेट बदलणं सोपं, म्हणून आधी तेच.

कुठली घ्यायची? क्लॅरिस हा शिमानो कंपनीचा स्वस्तातला गिअर-संच. तो असलेल्या, मागे आठ चकत्यांच्या सायकलला शिमानोच्या दोन कॅसेट सहज मिळतात, 11-32 आणि 11-34. सगळे 34 वर झडप घालतात. जरा दात बघा. 11-32 मध्ये 11-13-15-18-21-24-28-32 असा जिना आहे, पायऱ्या बऱ्यापैकी सारख्या. 11-34 मध्ये 11-13-15-17-20-23-26 आणि मग एकदम 34. घाटात 26 जड जातो म्हणून एक गिअर टाकावा तर पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात, फेरे 60 वरून 78 वर, आणि लय तुटते. परत 26 वर यावं तर पुन्हा जड. ज्याचं वजन 85 च्या वर आहे किंवा ज्याला घाट फक्त पार करायचाय त्याने 34 घ्यावी, ती शेवटची चकती तारणहार ठरते. बाकीच्यांना 32. नऊ, दहा किंवा अकरा गिअर असतील तर हा प्रश्न एवढा टोकाचा नसतो, तिथे 34 बिनधास्त घ्या.

घेण्याआधी मागचा डिरेलर बघा. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो, शेवटी एसएस किंवा जीएस. एसएस म्हणजे आखूड पिंजरा (दोन छोटी चाकं धरणारा खालचा भाग), जीएस म्हणजे लांब. क्लॅरिसच्या आर2000 मालिकेतला जीएस 34 दातांपर्यंत चालतो. आखूड पिंजरा असेल तर शिमानोच्या तक्त्यात त्या नंबरसमोर जास्तीत जास्त किती दात लिहिलेत ते वाचूनच कॅसेट घ्या. एखाद-दोन दात जास्त चालतात असं दुकानदार सांगतो, आणि बऱ्याचदा चालतातही, पण ते तुमच्या सायकलवर लावून बघितल्यावरच कळतं. चाक अकरा गिअरच्या हबचं (कॅसेट जिथे बसते तो चाकाचा मधला भाग) असेल आणि कॅसेट आठ किंवा नऊची, तर मागे 1.85 मिलिमीटरची चकती टाकावी लागते. ती विसरली की लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी आट्यांची रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि माणूस लॉकरिंगला शिव्या घालतो.

बदलायला तीन अवजारं पुरतात: चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा), लॉकरिंगचा पाना आणि तो फिरवायला लांब दांड्याचा स्पॅनर. चाक काढा, क्विक रिलीजची दांडी ओढून घ्या. व्हिपची चेन मधल्या एखाद्या चकतीला गुंडाळून कॅसेट धरून ठेवायची, लॉकरिंग डावीकडे फिरवायचं. पहिल्यांदा "कट्" असा मोठा आवाज येतो. घाबरू नका, लॉकरिंगच्या खाली बारीक खाचा असतात त्यांचा तो आवाज. चकत्या निघाल्या की हबचं अंग फडक्याने पुसा, पातळ ग्रीसचा हात फिरवा. हबवरच्या खाचांपैकी एक वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे प्रत्येक चकती एकाच पद्धतीने बसते. जोर लावावा लागतोय म्हणजे चकती चुकीच्या कोनात आहे. नवीन लॉकरिंगवर 40 एनएम (न्यूटन मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) कोरलेलं असतं. टॉर्क रेंच नसेल तर एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 13 किलो लटकवल्यावर पडेल एवढा जोर. नुसत्या मनगटाने तो येत नाही, अंग टाकावं लागतं.

जुनी चेन नव्या कॅसेटवर ठेवायची का, हे फूटपट्टी सांगते. एका पिनच्या मध्यापासून मोजलं तर 24 कड्यांचं अंतर नवीन चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतं. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश भरलं तर त्या चेनने जुनी कॅसेटही खाल्लेली आहे, दोन्ही एकदम बदलायचं. घिसलेली चेन नव्या दातांवर घातली तर ती नवे दात खाते, आणि नवी चेन घिसलेल्या दातांवर घातली तर जोर दिल्यावर उडी मारते. चढावर उभं राहून पेडल मारताना ती उडी थेट गुडघा हँडलवर आणते.

चेनची लांबीही तपासा. 28 वरून 32 वर गेलात की साधारण दोन कड्या जास्त लागतात, त्यामुळे जुन्या मापाची चेन आखूड पडू शकते. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या 50 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून घट्ट ओढा, टोकं जिथे जुळतात तिथून दोन कड्या वाढवा. तेवढी हवीच. आखूड चेनवर चुकून 50/32 पडलं की डिरेलर सरळ ताणला जातो आणि त्याला धरणारा हँगर मोडतो. तो पानशेत रस्त्यावर मोडला तर टेम्पो शोधावा लागतो.

जुळवणीत लोक सगळ्यात आधी केबलचा बॅरल, म्हणजे तिचा ताण कमीजास्त करणारी गोल मूठ, फिरवत बसतात. क्रम उलटा आहे. आधी बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून किती लांब राहील ते ठरवणारा): पुढे 34, मागे 32 ठेवून डिरेलरचं वरचं छोटं चाक आणि चकती यांत 5 ते 6 मिलिमीटर फट राहील इतकं आवळा. चिकटून राहिलं तर उलटं पेडल मारताना घरघर येते. मग एल-स्क्रू, म्हणजे चेन स्पोकमध्ये पडणार नाही याची खात्री, डिरेलर हाताने आत ढकलून बघायची. शेवटी बॅरल. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर मागून बघताना घड्याळाच्या उलट पाव फेरा, लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर सुलट पाव फेरा. पाव म्हणजे पावच.

पाव फेऱ्यांची विशी झाली तरी गिअर जुळेना तर दोन संशयित. एक, हँगर वाकलाय. सायकल कधी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा टेम्पोतून आडवी आली असेल, किंवा उभी असताना उजवीकडे पडली असेल, तर हाच. मागून पाहिलं की डिरेलरची दोन छोटी चाकं चकतीच्या रेषेत न दिसता खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसतं. दुकानात सरळ करण्याचं अवजार असतं, पक्कडीने करू नका. दोन, लिव्हरच्या आतली केबल. बरेच किलोमीटर झाले की केबलच्या डोक्याजवळच्या तारा लिव्हरच्या आत एकेक करून तुटायला लागतात, बाहेरून काही दिसत नाही. आज जुळवलेले गिअर उद्या सुटत असतील तर रबरी हूड उलटा करून आत टॉर्च मारा. डोकं आतच तुटून अडकलं तर चिमटा घेऊन अर्धा दिवस जातो, म्हणून केबल वेळेवर बदललेली बरी.

बाल्कनीतल्या सायकलचं बाकी काय मेलेलं असतं? टायरच्या बाजूंना केसासारख्या भेगा, ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी तडा, आणि ब्रेकचे पॅड. पॅड दिसायला जाड असतात पण रबर दगड झालेलं असतं, नख रुतत नाही. हे सगळं न विचारता बदला. चेनला इंजिन ऑइल किंवा ग्रीस फासू नका, आपली धूळ त्यात मिसळून घासकामाचा लेप तयार होतो. डिझेलमध्ये ब्रश बुडवून धुवा, वाळवा, प्रत्येक कडीच्या रोलरवर चेन ल्यूबचा एक थेंब, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको.

टायर घेताना जितका रुंद बसेल तितका घ्या. जुन्या कॅलिपर ब्रेकच्या सायकलींमध्ये 25 किंवा फार तर 28 मावतो, डिस्कवाल्यांत बऱ्याचदा 32. अरुंद टायर ठासून भरला की वेग मिळतो ही समजूत आपल्या रस्त्यांवर चालत नाही, तिथे दगडासारखा टायर पुढे पळण्याऐवजी वर उडतो. 75 ते 80 किलोच्या माणसाला 25 च्या टायरला मागे 90-95 आणि पुढे 85 पीएसआय, 28 ला मागे 80 आणि पुढे 75, 32 ला साठीच्या घरात. टायरच्या बाजूला छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. ट्यूबमधून हवा आपोआप जाते, म्हणून हात दाबून "ठीक आहे" म्हणण्यापेक्षा दर राईडआधी गेजचा पंप लावा.

पंक्चर झालं की टायर काढताना व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरापाशी आहे ते लक्षात ठेवा. टायर चढवताना कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवलेलं असेल तर काम आणखी सोपं. ट्यूबला भोक सापडलं की ते टायरवर नेमकं कुठे येतं ते कळतं, आणि आतून फडकं फिरवलं की कारण हाताला लागतं. बाभळीचा काटा दिसतो तरी. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक तार मात्र डोळ्याला दिसत नाही, फडक्याला अडकते, आणि ती न काढता नवी ट्यूब घातली की पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने चिमटा घेतला. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकलीय. पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप आणि पितळी अडॅप्टर ठेवा. रोड बाईकचा व्हॉल्व्ह प्रेस्टा असतो आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. त्या बोटभरही नसलेल्या अडॅप्टरशिवाय तो बिचारा काही करू शकत नाही.

सीटची उंची आता पुन्हा मोजा, जुनी खूण विसरा. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबून जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. त्याला 0.883 ने गुणा. टूर दि फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं हे सूत्र आहे: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. 78 सेंटिमीटरला 68.9 येतं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, आणि खुर्चीवाल्यांचे असतातच, तर 5 मिलिमीटर खालून सुरुवात करा. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे, मागून दुखला तर सीट वर आहे. पेडल मारताना कंबर डावी-उजवी डोलत असेल तरी सीट वरच आहे. तळहात बधिर होत असतील तर आधी सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलेल्या सीटवरून शरीर घसरत राहतं आणि सगळं वजन हातांवर येतं. जेलची जाड सीट घेऊ नका, पॅडवाली शॉर्ट्स घ्या, आणि तिच्या आत काही घालायचं नसतं. क्लीटवाले पेडल (ज्यात बूट अडकून बसतो) पहिले तीन महिने नकोत, सिग्नलला आडवं व्हायला पुढे आयुष्य पडलंय.

आता शरीर. चाळिशी ओलांडलीय, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, घरात कुणाला लवकर हृदयविकार झालाय, यातलं काहीही असेल तर घाटाआधी डॉक्टर. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, यांपैकी काही जाणवलं तर "हे वळण संपवून थांबू" हा विचार करू नका.

पहिले चार आठवडे घाट नाहीच. आठवड्यात दोनदा 45 मिनिटं आणि रविवारी दीड तास, सपाटीवर, पुढे 34 आणि मागे मधल्या चकत्यांवर, मिनिटाला 80-85 फेरे. पहाटे लवकर निघालात तर खडकवासल्याकडचा सिंहगड रस्ता यासाठी पुरतो, सातनंतर तिथे जाण्यात अर्थ नाही. श्रम किती? सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे (येत असेल तर). धाप लागून मधेच तुटला तर वेग कमी करा. परतलेल्यांचा घोळ इथेच होतो. मागून ओळखीचा ग्रुप 30 च्या वेगाने जातो, जुना अभिमान जागा होतो, आणि दीड तासाची सोपी राईड वीस मिनिटांच्या शर्यतीत संपते. पुढचे तीन दिवस पाय जड, मग बुधवारची राईड बुडते.

पाचव्या आठवड्यापासून रविवारी एक छोटा घाट. कात्रजचा जुना घाट सौम्य आहे. दिवे घाटही चढायला अवघड नाही, पण ट्रकची वर्दळ पाहता पहाटेच. बोपदेव त्या दोघांपेक्षा उभा आणि म्हणून जास्त उपयोगाचा: आधी एकदा, दोन आठवड्यांनी खाली येऊन दुसऱ्यांदा. दर चौथा आठवडा हलका ठेवा, वेळ निम्मा. नवव्या-दहाव्या आठवड्यात सिंहगड कोंढणपूर फाट्यापर्यंत जाऊन परत. बाराव्यात पूर्ण. आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरून काढू नका, जिथे सोडलं तिथून घ्या. याच्या पुढचं काही हवं असेल तर 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड आहे. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 चा वेग, तयारीच्या माणसाला अशक्य नाही.

खाण्याबद्दल थोडंच. तासाभराच्या राईडला पाणी पुरतं. दीड तासाच्या वर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं साधारण 25 ग्रॅम देतं, राजगिऱ्याचा लाडू खिशात चुरा न होता टिकतो. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वजनाचा हिशेब कडू आहे: दीड तास सौम्य पेडलिंगमध्ये जळतात सुमारे 600 कॅलरी, आणि किलोभर चरबीसाठी लागतात 7,700, म्हणजे अशा तेरा राईड. परतीच्या वाटेवरच्या मिसळीचा दुसरा पाव आणि वरचा गोड चहा यात धरलेला नाही.

सिंहगडाच्या दिवशी नाक्याआधीच पुढच्या 34 वर या. चढ सुरू झाल्यावर, पायाखाली पूर्ण जोर असताना पुढचा गिअर टाकला की चेन आत पडते. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू, 32 ची चकती तिथेच वापरली तरी कुणी हसणार नाही. हसला तर तो वर भेटतो. वळणांवर बाहेरच्या कडेने चढ सौम्य असतो, आतली कड अंगावर येते, पण मागून जीप येत नाहीये हे ऐकूनच बाहेर जा. शेवटच्या टप्प्यात चढ 10 टक्क्यांच्या वर जातो. तिथे उभं राहायचं असेल तर आधी एक गिअर जड करा, नाहीतर उभं राहताच पाय मोकळे फिरतात आणि सायकल मागे ओढल्यासारखी होते.

वर दही आणि कांदाभजी खाऊन झाल्यावर निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघा. उतारावर हात ड्रॉप्समध्ये, खालच्या वाकात, तिथून लिव्हरला दोन बोटं पुरतात. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात सोडलेले. सतत हलका ब्रेक धरून उतरलात तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. त्यापेक्षा जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा, पुढचा-मागचा दोन्ही. पावसाळ्यात पहिल्या दाबाला फक्त रिमवरचं पाणी पुसलं जातं, ब्रेक लागतो तो त्यानंतर, तेवढं अंतर आधीच धरा. आतल्या कडेचं शेवाळ आणि वळणावर साचलेली वाळू टाळा. खाली गोळेवाडीला आल्यावर पॅड बघा: चमचमणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतील तर टाचणीने काढा, तेच पुढच्या वेळी रिमवर चरे पाडतात.